थोड्या पाण्यातले मासे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. 'मन शांत व्हावं म्हणून बुद्धाविषयी काहीतरी वाचायचंय, सोपं सांगा.' मजकुरापेक्षा ती वेळच मला जास्त सांगून गेली. सोबत कमळाच्या चित्रावरचं एक 'बुद्धवचन'ही होतं. असली फॉरवर्ड होणारी वचनं बहुतेक मागाहून कुणीतरी रचलेली असतात. तिथून सुरुवात नको.

सुरुवात एका अस्वस्थ माणसापासून कर. धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६. शाळा जेमतेम, आणि मनाला लागलेली उदासी. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातलं बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ध्यासच घेतला. १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग नेपाळ (तिथे निराशा), बोधगया, आणि १९०२ मध्ये सिलोन. तिथे श्रामणेर, म्हणजे नवशिका बौद्ध भिक्षू, होऊन जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा पाली शिकले. हे सगळं त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. त्यात तत्त्वज्ञान फारसं नाही. पायपीट आहे, पैशांची चणचण आहे. बायको आणि लहानगी मुलगी मागे ठेवून ते निघाले, हे मला अजून टोचतं. तुलाही टोचेल. टोचू दे.

मग त्यांचंच 'भगवान बुद्ध' घे. आरंभीची इतिहासाची प्रकरणं जड आहेत, ती खुशाल ओलांड आणि बोधिसत्त्वाने, म्हणजे बुद्ध होण्याआधीच्या सिद्धार्थाने, घर का सोडलं तिथे ये. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून राजपुत्र निघाला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोसंबी ती बाजूला ठेवतात आणि सुत्तनिपात या जुन्या पाली ग्रंथातलं अत्तदण्डसुत्त पुढे करतात. त्यात बुद्ध स्वतःविषयी सांगतो. 'फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा': थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसं पाहिली आणि मला भय वाटलं.

भय! अर्ध्या मिटल्या डोळ्यांच्या मूर्ती पाहायची सवय झालेल्या आपल्याला हे वाचून दचकायला होतं. मी तरी दचकलो होतो. पुढे तो म्हणतो, मला लोकांच्या हृदयात रुतलेला, सहज न दिसणारा एक बाण दिसला. तो लागलेला माणूस दाही दिशांना धावत सुटतो. उपटून काढला की धावत नाही आणि बुडतही नाही. त्या रात्री दीड वाजता तू जे करत होतीस ना, ते हेच धावणं.

तिसरं धम्मपद, बुद्धवचनांचा पाली संग्रह. २६ वग्ग म्हणजे प्रकरणं, ४२३ गाथा म्हणजे श्लोक. दोन तासांत वाचून संपवता येतं, आणि तेच करू नकोस. चित्तवग्गापासून, म्हणजे मनावरच्या प्रकरणापासून, सुरू कर. त्यात फक्त ११ गाथा आहेत. तिथे पुन्हा मासा भेटेल, या वेळी पाण्यातून काढून जमिनीवर फेकलेला, आणि तो मासा म्हणजे आपलं चित्त. रोज एक गाथा, मोठ्याने, पालीतूनच. मराठी कानाला पाली वाटते तितकी परकी नाही. अर्थ दुसऱ्या दिवशी पाहिलास तरी चालेल.

आता बाबासाहेब. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' तुझ्या घरात नसला तर मैत्रिणीच्या घरात नक्की असेल. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आला. 'मला फक्त शांती हवीय, समाजकारण नको' असं म्हणून तो टाळणारे मला खूप भेटतात, आणि माझं त्यांच्याशी पटत नाही. बाबासाहेबही त्या चार दृश्यांची गोष्ट नाकारतात. त्यांचा सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्याचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात पेटू घातलेल्या युद्धाला शाक्यांच्या संघाच्या सभेत विरोध करतो आणि त्यापायी घर सोडतो. पुन्हा पाणी, पुन्हा भांडण. पाणी कमी पडतंय तोवर एकट्या माशाने शांत व्हायचं ते कसं, हा प्रश्न तो ग्रंथ तुला विचारेल. उत्तराची घाई करू नकोस.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊ का, असंही विचारलंयस. शुल्क नाही, दानावर चालतं, आणि दहा दिवस जवळपास पूर्ण मौन. जा, पण आत्ता नको. तीन आठवडे झोप नाही म्हणतेस. आधी डॉक्टरांना दाखव. त्यात कमीपणा कसला? बाण कुठे रुतलाय ते कधी कधी दुसऱ्यालाच आधी दिसतं.

माझी धम्मपदाची प्रत रविवारी येऊन घेऊन जा. शिवण उसवलीय, जपून उघड. समासात पेन्सिलीने बरंच काही लिहून ठेवलंय. त्यातलं निम्मं मला आता पटत नाही, तरी खोडू नकोस.