मुलगा जर्मनीत हॉकी खेळतो, पण करतो काय?

प्रश्न : मावशी, मी २७ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट आहे. ओळखीतून एक स्थळ आलंय. मुलगा मराठीच, पण जन्मापासून कॅनडात वाढलेला, वय २९, जर्मनीत दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये आइस हॉकी खेळतो. हाच त्याचा व्यवसाय. मे महिन्यात तो आजीकडे पुण्याला आला होता, तेव्हा आम्ही चारदा भेटलो. मला आवडलाय. बाबांनी पोहे खाताना त्याला विचारलं, "हॉकी ठीक आहे, पण करता काय?" तो हसला आणि बाबांचं मत तिथेच झालं. करार दरवेळी एकाच वर्षाचा असतो, हे त्याने आपणहून सांगितलं. मला बाबांना पटवायचंय. खरं तर आधी मलाच नीट कळायला हवंय. (नाव छापू नका, फक्त 'सदाशिव पेठ' लिहा.)

उत्तर : तुझ्या बाबांचा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. माझी भाची अशाच एकाची बायको आहे. तिच्या बाळंतपणाला मी बव्हेरियातल्या एका लहान गावात ऑक्टोबर ते मार्च राहिले, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

त्या घरातला सोफा क्लबचा, पडदे क्लबचे, दारातली गाडीही क्लबचीच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या बेकरीची मोठ्ठी जाहिरात. भाचीच्या म्हणाव्यात अशा तिथे दोनच वस्तू : कुकर आणि मिसळणाचा डबा. पाच वर्षांत ते त्यांचं चौथं गाव होतं. तिकडच्या क्लबांची ही नेहमीची रीत आहे, पगाराबरोबर सजवलेला फ्लॅट आणि गाडी. ऐकायला छान वाटतं. पण हंगाम संपला की दोन्हीच्या किल्ल्या परत द्यायच्या असतात, आणि तेव्हा पुढच्या वर्षी कुठल्या गावात राहणार हे ठरलेलं असेलच असं नाही.

आता बाबांना सांगायचा हिशेब. आइस हॉकी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येते अमेरिका-कॅनडातली एनएचएल ही सगळ्यात मोठी लीग. तिथे २०२५-२६च्या हंगामात सगळ्यात कमी पगारही वर्षाला ७,७५,००० डॉलर होता. पण तिथे संघ ३२ आणि एका संघात जेमतेम २३ खेळाडू. बाकीचे हजारो पोटापाण्यासाठी स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, चेकिया, जर्मनी, इंग्लंड असे विखुरतात. जर्मनीतली पहिली लीग म्हणजे डीईएल, १४ संघांची, आणि तिच्याखाली तुझ्या या स्थळाची. तेव्हा 'प्रोफेशनल आहे' एवढ्यावर बाबांना गप्प करू नकोस. लीग कुठली, त्यावर सगळं अवलंबून.

शिवाय त्याचा पासपोर्ट कॅनडाचा, म्हणजे जर्मन क्लबच्या दृष्टीने तो 'परदेशी' खेळाडू. परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक संघात ठरावीकच असतात, आणि त्या जागेवरच्या माणसाने गोल करायचे असतात, निदान करून तरी द्यायचे. गावातला जर्मन पोरगा दहा सामने गप्प राहिला तर चालतं, परदेशी राहिला तर क्लबचा मॅनेजर नाताळाच्या आत दुसऱ्याला फोन लावतो. त्या डिसेंबरात भाचीच्या घरी फोन वाजला की दोघंही एकमेकांकडे बघायची. (फोन बहुतेक वेळा माझ्या बहिणीचा असे, डिंकाचे लाडू संपले का विचारायला.)

वरच्या पायरीवरही हे चुकत नाही. नेथन वॉकर हा ऑस्ट्रेलियातून एनएचएलमध्ये पोचलेला पहिला खेळाडू. २०१७च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या संघाकडून पहिल्याच सामन्यात गोल केला. डिसेंबरात क्लबने त्याला मोकळं केलं, एडमंटनने उचललं, आणि तीन आठवड्यांच्या आत वॉशिंग्टननेच परत घेतलं. पुढच्या जूनमध्ये त्याच संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. अशा माणसाच्या घरी महिन्याचं वाणसामान किती भरायचं, सांग बरं?

दुखापतींबद्दल मी फिजिओला काय सांगणार! तरी एक सांगते. भाचीच्या फ्रीजमध्ये मटारच्या सात पिशव्या होत्या. मी कौतुकाने त्यांतल्या एकीची उसळ केली. जावई जेवले, दोनदा वाढून घेतली आणि मग हळूच म्हणाले, "मावशी, ती गुडघ्याची पिशवी होती." बर्फाच्या पिशवीपेक्षा मटार गुडघ्याभोवती नीट बसतात म्हणे.

डोक्याला बसलेला मार मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. मेंदूच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी एनएचएलवर दावा लावला होता, तो २०१८मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला मिटला. आतापर्यंत किती वेळा डोकं आपटलं आणि दर वेळी किती दिवस बाहेर बसला, हे त्याला सरळ विचार. आकडा सांगायला त्याने टाळाटाळ केली, तर त्यातूनही तुला काय ते कळेलच.

पुढे काय, ही बाबांची खरी धास्ती असणार. यारोमीर यागर हा नावाजलेला चेक खेळाडू पन्नाशी ओलांडूनही चेकियातल्या आपल्या क्लाद्नोच्या क्लबसाठी बर्फावर उतरला, पण तेव्हा तो क्लब त्याच्याच मालकीचा होता! बाकीच्यांची पस्तिशीत आवराआवर सुरू होते. मॅनी मल्होत्राचं उदाहरण बाबांना आवडेल. एनएचएलचा खेळाडू, वडील पंजाबी, जन्म कॅनडातला. २०११च्या मार्चमध्ये पक (खेळातली रबरी चकती) डोळ्यावर लागला, शस्त्रक्रिया झाल्या, तरी जूनमध्ये तो अंतिम फेरीत खेळला. नंतर प्रशिक्षणाकडे वळला, आणि २०२५मध्ये त्याच्या हाताखालच्या ॲबट्सफर्डच्या संघाने एएचएलचा, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगचा, काल्डर कप जिंकला. सगळ्यांना असं जमत नाही, म्हणून शिक्षणाचं विचार. तो कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये (१६ ते २० वर्षांच्या मुलांच्या) खेळला असेल, तर तिथे खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे कॉलेजच्या एका वर्षाच्या फीची तरतूद असते. ती मुदतीत वापरावी लागते. वापरली का? कराराची प्रतही माग. पगार किती महिन्यांचा, जायबंदी झाल्यास काय, घर कुठल्या तारखेपर्यंत. लाजू नकोस, आपल्याकडे पत्रिका मागतातच की.

आता तुझं. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल इतकं आहे आणि तुझ्या कामाबद्दल एक शब्द. जर्मनीत फिजिओ म्हणून काम करायचं तर तुझ्या पदवीला तिथली मान्यता लागते आणि जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने, यावी लागते. लग्न होवो न होवो, बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आत्ताच नाव घाल. भाचीने हे केलं नाही. ती आर्किटेक्ट आहे. तिथे ती काय करायची, तर सामन्याच्या दिवशी दुपारी नवरा झोपला की बाळाला घेऊन जिन्यात बसायची, कारण ती झोप मोडलेली चालत नाही. मला त्या जिन्याचा फार राग यायचा. जावई माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, तरीही.

यागर १९९०मध्ये १८व्या वर्षी पिट्सबर्गच्या एनएचएल क्लबकडे गेला, तेव्हा इंग्रजी येत नव्हतं आणि घरच्या आठवणीने पार खचला होता. त्याच डिसेंबरात क्लबने ईर्झी हर्दिना हा चेक खेळाडू कॅलगरीहून आणला, याला बोलायला कुणी असावं हाही हेतू त्यामागे होता. खेळाडूसाठी क्लब इतकं करतो. बायकोसाठी कुणी कुठून काही आणत नाही.

तो मे महिन्यात आला होता, म्हणजे हंगाम संपलेला, आंबे खायला मोकळा. तो माणूस तू पाहिलास. आता रजा काढून फेब्रुवारीत जा. तेव्हा पायात गोळे असतात, प्लेऑफ (हंगामाअखेरचे बाद सामने) तोंडावर आणि पुढच्या कराराचा पत्ता नसतो. बाबांनाही ने. खेळाडू बर्फावर एका वेळी पाऊण मिनिटच उतरतो आणि धापा टाकत परत बाकावर येतो. तीन वेळा हे पाहिलं की 'करतो काय' हे ते पुन्हा विचारणार नाहीत. मुलगी द्यायची की नाही, हे वेगळं.

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा इनलाइन स्केटिंग करतो. आता आइस हॉकीचं वेड लागलंय. युरोपातल्या अकादमीसाठी एक एजंट वर्षाची फी आगाऊ मागतोय. हे पीएफ मोडायला निघालेत. काय करू? (एक आई, कोथरूड)

उत्तर : पीएफ मोडू नका. खरा एजंट खेळाडूच्या पगारातून टक्का घेतो, आईच्या दागिन्यांतून नाही. वर उल्लेख केलेला वॉकर १३व्या वर्षीच सिडनी सोडून चेकियातल्या ओस्ट्राव्हाला गेला होता हे खरं, पण तो लहानपणापासून सिडनीच्या रिंकवर बर्फातच खेळत होता. तुमच्या मुलाला वेग येतो, थांबणं येत नसणार. बर्फावर पातं आडवं घासून थांबतात, चाकांवर ती सवय लागत नाही. आधी सुट्टीत देहरादूनच्या रिंकवर न्या, नाहीतर जानेवारीत लेहला. तिथली मुलं गोठलेल्या तळ्यांवर खेळतात, आणि भारताच्या ज्या महिला संघाने २०२५मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, त्यातल्या बहुतेक जणी लडाखच्याच. दहा दिवस पडू दे. अकराव्या दिवशी तो काय म्हणतो, ते मला कळवा.