नाजूक वस्तू धरताना ग्रिपरने किती जोर लावावा?

दोन बोटांचा ग्रिपर, म्हणजे रोबोची वस्तू पकडणारी पकड, तुम्ही मोटरच्या करंटवरून जोराचा अंदाज घेत चालवताय, आणि पातळ काचेचा पेला कधी तडकतो, कधी निसटतो. तर बोटांना स्पर्शाचे सेन्सर लावून फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडेल, आणि चांगलाच पडेल. पण त्या सेन्सरने नुसता दाब मोजू नका, वस्तू घसरतेय का ते आधी ओळखा.

नेमका जोर म्हणून एकच ठरलेला आकडा नसतोच. 100 ग्रॅमच्या पेल्याचं वजन साधारण 1 न्यूटन. घर्षण गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचा आकडा) 0.5 असेल तर प्रत्येक बोटाने किमान 1 न्यूटन दाबायला हवं. काच ओली होऊन गुणांक 0.25 वर आला की 2 न्यूटन. झटक्यात उचललं तर आणखी जास्त. हे बारीक फरक करंटमध्ये दिसत नाहीत, गिअरबॉक्सच्या घर्षणातच ते बुडून जातात.

आपली बोटं हे कसं सांभाळतात, ते स्वीडनच्या जोहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी 1984 साली मोजून दाखवलं. निसटू नये इतकाच जोर आणि वर थोडी राखीव, एवढंच आपण लावतो. बोटाखाली वस्तू किंचित सरकली, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आपसूक घट्ट होते. बोटांना भूल दिली तर स्नायू तेच असूनही पृष्ठभागानुसार जोर जुळवणं बिघडतं. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण कमी पडते ती ताकद नव्हे, खबर.

मी सुरुवात अशी करेन: बोटांवर सिलिकॉनचं मऊ पॅड, त्याच्या आत पीझो फिल्म, म्हणजे दाबली किंवा हलली की विजेचा संकेत देणारी पातळ पट्टी. घसरण सुरू होताना उठणारी बारीक थरथर ती पकडते. मोटरची थरथरही त्यात मिसळते, त्यामुळे ती वेगळी काढणाऱ्या फिल्टरवर नीट वेळ द्या. माझ्या मते खरी मेहनत तिथेच आहे. थरथर दिसली की जोर थोडा वाढवायचा, एकदम नाही.

तडकण्याचं कारण मात्र बहुधा वेगळं असतं: बोट काचेवर आदळतं तो क्षण. फिरत्या मोटरची ऊर्जा तिथे काचेत जाते. म्हणून जवळ येताना वेग कमी करा आणि पहिला स्पर्श होताच मोटर थांबवून मग हळूहळू दाबा.

ठेवतानाही हाच सेन्सर वापरा. पेल्याचा तळ टेबलाला टेकला की बोटांपर्यंत छोटा धक्का येतो. तो आल्यावरच बोटं उघडा, नुसत्या उंचीच्या आकड्यावर विसंबून नको.