बाहेरच्या दिव्यांना टायमर लावला तर वेगळा आयसोलेटर हवा का?

हो, आयसोलेटर, म्हणजे सर्किटचा सप्लाय पूर्ण तोडणारा स्विच, हवाच, आणि तो टायमरच्या आधी हवा.

तुम्ही लिहिलंय की कंपाउंडच्या भिंतीवर बारा-बारा वॅटचे सहा एलईडी दिवे लावायचेत, ते संध्याकाळी आपोआप लागावेत म्हणून बोर्डात टायमर बसवायचाय, आणि पुढे दिवा बदलायचा झाला तर टायमर ‘ऑफ’ करून काम करता येईल का. मी वायरिंगची कामं करतो, आणि हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारलात याचं मला फार बरं वाटलं.

टायमर ऑफ करून दिव्याला हात लावू नका. साध्या टायमरमधला रिले (विजेवर चालणारा आतला स्विच) फक्त फेज तोडतो, न्यूट्रल दिव्यापर्यंत जोडलेलाच राहतो. शिवाय टायमरच्या घड्याळाला सप्लाय सतत लागतो, म्हणजे डिस्प्लेवर ‘ऑफ’ दिसत असताना त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट हजर असतात. आणि ठरलेली वेळ झाली की रिले ओढला जाणारच, तुम्ही शिडीवर असा नाहीतर नसा. दिवा गेलाय हे आपल्याला कळतंही दिवेलागणीलाच, म्हणजे नेमकं टायमरच्या वेळेला.

म्हणून डिस्ट्रिब्युशन बोर्डात बाहेरच्या दिव्यांचं स्वतंत्र सर्किट काढा आणि त्यावर डबल पोल एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) घाला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. हाच तुमचा आयसोलेटर. फक्त फेज तोडणाऱ्या सिंगल पोलने काय बिघडतं, असं बरेच जण म्हणतात. समजा पावसात एका फिटिंगमध्ये पाणी शिरलं आणि न्यूट्रल अर्थिंगला टेकला. घराचा आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप झाला. तुम्ही बाहेरचा सिंगल पोल एमसीबी पाडून आरसीसीबी वर करता, आणि घरातला लोड चालू झाला की तो पुन्हा पडतो, कारण बिघडलेला न्यूट्रल अजून जोडलेलाच आहे. एका दिव्यापायी अख्खं घर अंधारात. डबल पोल पाडला की तेवढं सर्किट पूर्ण सुटतं आणि बाकीचं घर चालू राहतं. बाहेरचं सर्किट घराच्या आरसीसीबीतून न घेता त्याला स्वतःचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी दिलात तर घरापर्यंत झळच येत नाही. फक्त त्याचा न्यूट्रल दुसऱ्या कुठल्याही सर्किटच्या न्यूट्रलशी जोडू देऊ नका, नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहील.

क्रम असा ठेवा: आरसीसीबी, डबल पोल एमसीबी, टायमर, मग बाहेर जाणारी केबल. टायमरला समांतर एक ‘मॅन्युअल’ स्विच जरूर द्या, रात्री अवेळी दिवे लावायला उपयोगी पडतो. पण तोही एमसीबीच्या नंतरच हवा, एमसीबीच्या आधीच्या वायरवरून फेज उचललेला नको. घरात इन्व्हर्टर असेल तर बाहेरचे दिवे त्याच्या लाइनवर आहेत का ते आधी बघा. मेन पाडला तरी त्या लाइनवर सप्लाय येतो.

आता प्रत्यक्ष काम करताना. एमसीबी पाडा, त्यावर लॉक लावा, लॉक नसेल तर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे’ असं लिहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. मग तपासा. स्क्रू ड्रायव्हरसारख्या लाइन टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नका, उन्हात त्याचा निऑन दिसतच नाही आणि लाकडी शिडीवर तो नीट पेटेलच असं नाही. मल्टीमीटर आधी चालू सॉकेटवर लावून २३० दाखवतोय ना ते बघा. मग दिव्याच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. तिन्हीकडे शून्य आलं की पुन्हा त्याच चालू सॉकेटवर मीटर लावा. मधल्या वेळात मीटरच बंद पडला असेल तर तो मेलेली आणि जिवंत वायर सारखीच दाखवतो. ही शेवटची पायरी जवळपास सगळे गाळतात, कृपा करून तुम्ही गाळू नका.

फिटिंग आयपी ६५ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) घ्या. पण नुसत्या आकड्याने पाणी थांबत नाही. केबल ग्लँडमधून, म्हणजे तिच्याभोवती घट्ट आवळल्या जाणाऱ्या टोपणातून, खालच्या बाजूने आत घ्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून जाईल. वरून भोक पाडून केबल घेतलेला जॉइंट बॉक्स पाण्याने भरतोच. धातूच्या फिटिंगला अर्थिंग सक्तीचं समजा.

टायमरवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा हीटरसारख्या लोडचा असतो. तुमचे बारा-बारा वॅटचे सहा दिवे मिळून पाव अँपिअरच्या जरा वर जातात, पण एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला हवा तसा सप्लाय देणारं सर्किट) चालू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग टायमर ऑफ दाखवतो आणि दिवे चालूच राहतात. टायमरच्या माहितीपत्रकात एलईडीसाठी वेगळा वॅटचा आकडा असतो, तो बघून घ्या. सहा दिव्यांना बहुतेक टायमर पुरतो. पुढे दिवे वाढवणार असाल तर टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा लोड पेलणारा रिले) चालवा आणि दिवे कॉन्टॅक्टरवर घ्या.

नवं सर्किट बोर्डातून काढायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि तो जायच्या आधी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा.