मेकॅनिक म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या पाइपातला डबा, गेलाय. जुन्या पेट्रोल गाडीत खात्री कशी करायची?

स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०४२० कोड, म्हणजे ‘कन्व्हर्टर नीट काम करत नाही’ असा इशारा, दिसला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका. आधी सायलेन्सरच्या जोडात गळती आहे का, गाडी मिसिंग करतेय का, इंजिन ऑइल पितंय का, हे बघून घ्या. ही दुखणी तशीच ठेवलीत तर नवा कन्व्हर्टरही जळेल.

मग इंजिन नीट गरम झाल्यावर स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजणारे) व्होल्टेज बघा. पुढच्याचं व्होल्टेज सारखं वरखाली होतं, मागच्याचं जवळजवळ स्थिर हवं. मागचाही तसाच नाचत असेल, तर कन्व्हर्टर संपला. गाडी थंड असताना त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका; आत खडखडलं तर सिरॅमिकची जाळी फुटलीय. पेडर रोडच्या चढावर पिकअप मरत असेल तर तो चोंदलाही असू शकतो.

मुंबईच्या दमट हवेत नटबोल्ट गंजून बसतात, कन्व्हर्टर काढायच्या आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. जोडातली गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवीच घाला. कुर्ल्याला वापरलेला स्वस्तात मिळेल, पण त्याचा जीव किती उरलाय ते बाहेरून कळत नाही. ‘कन्व्हर्टरऐवजी सरळ पाइप टाकून देतो’ म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या, तो विषारी धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. आणि जुना गॅरेजवर सोडू नका: आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारातही त्याला भाव आहे.