आंबटढाण झालेली किमची टाकू नका

किमचीची, म्हणजे मीठ-तिखटात आंबवलेल्या कोबीच्या कोरियन लोणच्याची, अर्धा किलोची बरणी आणली, दोन आठवडे तोंडी लावली, आता इतकी आंबट झालीय की खाववत नाही, टाकून देऊ का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. मी कोरियात तेजॉनला चार वर्षं होते. आमच्या घरमालकीण आजी किमचीच्या नेमक्या याच अवस्थेची वाट बघायच्या. ताजी पानात वाढायची, आंबट झालेली चुलीवर चढवायची, हा त्यांचा हिशेब. ताजी किमची शिजवली तर उकडलेल्या कोबीला तिखट लावल्यासारखी लागते. लोणचं मुरतं तशीच ही मुरते. महिनोन्‌महिने थंडीत मुरवलेल्या किमचीला तिथे 'मुगुन्जी' असं वेगळं नावच आहे.

पहिला मान 'किमची जिगे'चा, म्हणजे किमचीच्या रश्शाचा. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर वाटीभर चिरलेली किमची चांगली सात-आठ मिनिटं परता. हे परतणं टाळलंत तर रस्सा पाणचट होतो, मी सुरुवातीला दरवेळी तीच चूक करायचे. कोरियात यात बहुतेकदा डुकराचं मांस किंवा डब्यातला ट्यूना पडतो. नको असेल तर मश्रूम घाला. मग दोन वाट्या पाणी. आजी साधं पाणी घालत नसत, तांदूळ दुसऱ्यांदा धुतलेलं धुवण घालत. त्यातल्या पिठूळपणामुळे रश्शाला अंग येतं. वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या, शेवटच्या पाच मिनिटांत टोफूच्या वड्या आणि कांद्याची पात. फारच आंबट वाटलं तर चिमूटभर साखर. मीठ मात्र चव घेतल्याशिवाय घालू नका, किमचीत ते भरपूर असतं. सोबत गरम भात, बस.

शिळा भात असेल तर किमची घट्ट पिळून, बारीक चिरून तेला-लोण्यात परता. कडा जरा लालसर होऊ द्या, मग भात मोकळा करून घाला आणि पिळून काढलेला खार चमचा-चमचा शिंपडा. खार आधीच ओतलात तर भाताचा लगदा होतो. वर तळलेलं अंडं, पिवळा बलक कच्चट ठेवून.

पावसाळी दिवशी कोरियात 'किमचीजन' हमखास होतं. हे किमचीचं धिरडंच: वाटीभर किमची, अर्धी वाटी मैदा, दोन-तीन चमचे खार आणि लागेल तसं थंडगार पाणी. तेलात कंजुषी करू नका आणि पातळ पसरा, कडा कुरकुरीत झाल्याच पाहिजेत. पोह्यांतही घालून पाहिली. पोहे गिच्च झाले, पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

आता खराब झालीय की नाही, ते कसं ओळखायचं? आंबटपणा, बुडबुडे, झाकण उघडताना फुस्स आवाज, हे सगळं ठीक. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून बरणी काठोकाठ भरू नये. माझी एक बरणी बाहेर राहिली होती, उघडली तेव्हा लाल खार थेट खिडकीच्या पडद्यावर. हिरवी-काळी, लव असलेली बुरशी किंवा कुजका वास आला तर मात्र सरळ कचऱ्यात. फोडी खाराखाली दाबलेल्या ठेवा, चमचा कोरडा आणि स्वच्छ घ्या, आणि जागा फ्रीजमध्येच.

शाकाहारी असाल तर लेबल नीट वाचा. कोबी दिसला म्हणजे शाकाहारी, असं नाही. पारंपरिक किमचीत मासळीचा खारवलेला रस किंवा 'सेउजत' असतं, म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याचीच भावकी. कोरियातल्या बौद्ध मठांत मासळीच नव्हे, कांदा-लसूणही न घालता किमची करतात, त्यामुळे तशी घरी करणंही शक्य आहे.

आणि बरणीच्या तळाशी उरलेला लाल खार ओतून देऊ नका. उन्हाळ्यात तो बर्फगार पाण्यात किंवा थंड सूपमध्ये मिसळतात, थोडं व्हिनेगर, साखर घालतात, आणि उकडून थंड पाण्याखाली चोळून धुतलेल्या बारीक गव्हाच्या शेवया त्यात सोडतात. वरून काकडीचे काप आणि दोन थेंब तिळाचं तेल.