"कोकणी माणूस प्रत्येक प्रकल्पाला नाही म्हणतो, मग उद्या देशाला वीज मिळणार कुठून?" हा डोंबिवलीच्या आमच्या भावोजींचा प्रश्न.

प्रत्येक? कोयनेची 1960 मेगावॅट वीज तयार होते ती मुख्यतः चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला. अंजनवेलचा गॅसवरचा प्रकल्प गुहागरात, जयगडचा कोळशावरचा रत्नागिरीत. जैतापूरच्या जवळपास 10,000 मेगावॅटच्या नियोजित अणुप्रकल्पासाठी माडबनची जमीन कधीच घेऊन झाली. ते घोडं वर्षानुवर्षं अडलं ते विजेच्या दरावरून आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची यावरूनही, नुसत्या आंदोलनामुळे नाही. भावोजींना हे सांगून थकलो. दर गणपतीत आरती झाली की त्यांचा हाच विषय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे भावोजी गावीच होते, आमच्याकडे दापोली तालुक्यात. निम्मी सुपारी आडवी, विजेचे खांब वाडीत लोळतायत. स्लॅबवरची सोलर पॅनेलं टिकली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, पण घरात एक दिवा लागेना. ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बसवणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. विहिरीवर मोटर असून रहाटाने पाणी काढायचं, मोबाइल चार्ज करायला पैसे मोजून कुणाच्या तरी जनरेटरपाशी उभं राहायचं. त्यात भावोजी म्हणतात, "जैतापूर झालं असतं तर ही वेळ आली नसती." मी म्हटलं, भावोजी, ती वीजसुद्धा ह्याच खांबांवरून येणार ना?

देशाचं दुखणंही तेच आहे: वीज आहे, पण हवी तेव्हा हाती नाही. 2025 मध्ये स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-गॅसबाहेरचा झाला, तरी प्रत्यक्षात बहुतांश वीज येते ती कोळशातूनच. सूर्य मावळला की मागणी चढते आणि दुपारची वीज साठवलेली नसते. साठवायला सह्याद्रीचा उतार आहे: जादा विजेने पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज करायची. रायगडात भिऱ्याला 150 मेगावॅटचा संच कधीपासून पाणी परत वर चढवतोय. असे संच वाढवा, किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखाली घाला, मग नवीन प्रकल्पाचं बोला.

हां, अणुऊर्जेला माझा सरसकट विरोध नाही. भूमिगत केबलही स्वस्त नाही. आणि छपरावर सोलर बसवणार असाल तर हायब्रीड, म्हणजे बॅटरी जोडता येणारा आणि लाइन गेली तरी चालणारा, इन्व्हर्टर घ्या; पंतप्रधान सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरी स्वतःच्या खिशातून. भावोजींनी गेल्या गणपतीत हायब्रीडचं कोटेशन मागवलं. जैतापूरचा विषय मात्र काढला नाही.