रिळांना आंबट वास येतोय

प्रश्न: बंद पडलेल्या आमच्या एकपडदा थिएटरच्या केबिनमध्ये ३५ मिमी रिळांचे गंजलेले डबे निघाले. झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा वास येतो. प्रोजेक्टर चालू आहे. लावून बघावीत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: इतक्यात नको. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म सडू लागली की हा वास येतो. ठाण्याची दमट हवा आणि पत्र्याखालचा उकाडा तिला मारकच. त्यातून सुटणारं आम्ल सडणं वाढवतं, शेजारच्या धडधाकट रिळांनाही बाधतं. वासाची रिळं आजच वेगळी काढा.

मग फिल्म किती आकसली ते मोजा. टेबलावर ती न ताणता सपाट ठेवा. कडेच्या एका भोकाच्या वरच्या काठापासून पुढच्या शंभराव्या भोकाच्या वरच्या काठापर्यंत नव्या प्रिंटमध्ये ४७५ मिमी भरतात. ४७१ च्या खाली आलं तर प्रोजेक्टरचा नाद सोडा. दाते भोकांत नीट बसत नाहीत आणि कड उसवत जाते. दोन हजार फुटांचं रीळ जेमतेम बावीस मिनिटांचं, तेवढ्यासाठी प्रिंट गमवायची?

गंजके डबे फेका, पण त्यांवरची लेबलं जपून. हवा खेळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत रिळं आडवी ठेवा, उभी नकोत. खोली थंड आणि कोरडी हवी.

फिल्म १९५० च्या आसपासची किंवा आधीची असेल, तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारची असू शकते. ती भडकली की पाण्यानेही विझत नाही. अशी फिल्म घरात ठेवू नका, पेटवून तपासणं तर नाहीच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. चित्रपटाचं नाव, भाषा आणि रिळांचे क्रमांक हाताशी ठेवा.